बाळसे आणि वाटी



ज्याने आयुष्यभर व्याकरण आणि वाङ्मयाचा इतिहास शिकवला, त्याने लहान मुलांच्या आहारावर बोलावे हे काहींना चमत्कारिक वाटेल. मी वैद्य नाही. परंतु या विषयाकडे मी शब्दांच्या वाटेने आलो, आणि त्याच वाटेने आपणांस नेणार आहे.

मराठीत 'बाळसे' हा मोठा लोभस शब्द आहे. मूल बाळसे धरते, अंग धरते, भरते. उलट बाजूला तितकेच नेमके शब्द आहेत. मूल सुकते, रोडावते, हडकते. फारच वाळले तर म्हातारी माणसे त्याला 'पाप्याचे पितर' म्हणतात. हे सगळे शब्द घरातले आहेत, पाळण्याजवळ उभे राहून उच्चारलेले आहेत. 'कुपोषण' हा शब्द तसा नाही. तो अहवालातून आणि वृत्तपत्रातून आला, आणि येताना आपल्याबरोबर मेळघाटाचे किंवा एखाद्या दुष्काळी मुलखाचे चित्र घेऊन आला. परिणाम असा झाला की कुपोषण म्हणजे दूर कुठेतरी, अन्न नसलेल्या घरात घडणारी गोष्ट, अशी आपली समजूत झाली. आणि आपल्या गल्लीतले मूल 'मुळातच किरकोळ बांध्याचे' ठरून मोकळे झाले. आजचा माझा विषय हे किरकोळ बांध्याचे मूल आहे.

आकडे फार देणार नाही, पण थोडे दिल्यावाचून गत्यंतर नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातील पाच वर्षांखालील दर शंभर मुलांपैकी ३२ मुलांचे वजन वयाच्या मानाने कमी होते. आपण ज्या गुजरातेत पिढ्यान्‌पिढ्या राहतो, तेथे हे प्रमाण ३९.७ टक्के होते. ज्या महाराष्ट्राकडे आपण माहेर म्हणून पाहतो, तेथे ३६.१ टक्के. ही दोन्ही राज्ये देशातील सधन राज्यांत गणली जातात. दर तिसरे मूल कमी वजनाचे असेल, तर त्या सगळ्यांच्या घरी धान्याचा डबा रिकामा आहे असे म्हणणे कठीण आहे. त्याच पाहणीतील आणखी एक आकडा मला अधिक बोलका वाटतो. सहा महिने ते दोन वर्षे वयाच्या मुलांपैकी ज्यांना पुरेसा आणि पुरेशा प्रकारांचा आहार मिळतो अशी मुले देशात जेमतेम ११ टक्के आहेत. उरलेली सगळी काही गरिबांची मुले नव्हेत.

कमी वजन म्हणजे किती कमी, हेही एकदा समजून घेऊ. मूल जन्मते तेव्हाच्या वजनाच्या साधारण दुप्पट पाचव्या-सहाव्या महिन्यात आणि तिप्पट वर्षाच्या सुमारास व्हावे, हा जुना ठोकताळा आजही उपयोगी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली जी प्रमाणे प्रसिद्ध केली, त्यांनुसार वर्षाच्या मुलग्याचे मध्यम वजन ९.६ किलो आणि मुलीचे ८.९ किलो भरते, मुलगा ७.७ किलोच्या खाली आणि मुलगी ७ किलोच्या खाली असेल तर ते मूल कमी वजनाचे समजावे. अंगणवाडीताईंच्या आलेखावरील रंगीत पट्टे हेच सांगतात. तो आलेख पाहताना एका दिवसाच्या ठिपक्यापेक्षा ठिपके जोडणाऱ्या रेषेकडे पाहावे. रेषा चढत असेल तर चिंता थोडी. आडवी झाली तर मूल डोळ्यांना गुटगुटीत दिसत असले तरी काहीतरी चुकते आहे.

ही रेषा बहुधा केव्हा आडवी होते? सहाव्या महिन्यानंतर. तोवर आईचे दूध पुरते. पाणीसुद्धा लागत नाही. सहाव्या महिन्यानंतर मात्र वाढ पुढे धावते आणि केवळ दूध मागे पडते. सुश्रुतसंहितेत सहाव्या महिन्यात बाळाला हलके व हितकर अन्न द्यावे असे सांगितले आहे, आणि आजचे बालरोगतज्ज्ञ नेमके तेच सांगतात. दोन हजार वर्षांच्या आसपासचे अंतर असलेल्या दोन शास्त्रांचे असे एकमत क्वचितच आढळते. आपल्याकडे उष्टावणाचा संस्कार आहे, त्याचे आमंत्रण जाते, चांदीची वाटी येते, मामा बाळाला मांडीवर घेऊन खिरीचे बोट चाटवतो. पण मुलग्याला सम महिना, मुलीला विषम महिना, मग मुहूर्त, मग मामाची रजा, असे करता करता आठवा महिना उजाडतो. आणि मुख्य म्हणजे चांदीची वाटी दुसऱ्या दिवशी कपाटात जाते. उष्टावणानंतरच्या दिवशी त्या बाळाने किती खाल्ले, हे कोणी विचारत नाही. संस्कार राहिला, त्यामागचा व्यवहार सुटला.

आता वाटीत काय असते ते पाहू. येथे मला थोडे रेंगाळायचे आहे, कारण मला वाटते सगळे मर्म येथेच आहे.

बहुतेक घरांत बाळाला पहिले अन्न म्हणून वरणाचे पाणी, भाताची पेज किंवा दुधात पाणी घालून केलेली रव्याची पातळ खीर देतात. 'पचायला हलके' ही त्यामागची भावना. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानुसार नऊ ते अकरा महिन्यांच्या, आईचे दूध पिणाऱ्या बाळाला बाहेरच्या अन्नातून दिवसाला सुमारे ३०० उष्मांक, म्हणजे कॅलरी, मिळायला हव्यात. शंभर ग्रॅम तांदळात साधारण ३५० उष्मांक असतात. ते तांदूळ दीड लिटर पाण्यात शिजवून पेज केली, तर शंभर ग्रॅम पेजेत २२ उष्मांक आले. म्हणजे त्या बाळाला आपली गरज भागवायला दिवसाला एक लिटर आणि वर साडेतीनशे मिलिलिटर पेज प्यावी लागेल. आठ किलोच्या बाळाचे पोट एका वेळी पाव लिटरच्या आतच भरते. ते पेज पिते, पोट तट्ट फुगते, ते झोपी जाते. घरची माणसे समाधान पावतात की बाळाचे पोट भरले. पोट भरले हे खरे, बाळ मात्र उपाशी राहिले. वरणाच्या पाण्याची कथा याहून वाईट, कारण डाळ तळाशी राहते आणि ती मोठ्यांच्या पानात जाते.

आता तेच शंभर ग्रॅम, पण तांदूळ आणि मुगाची डाळ मिळून, चारशे मिलिलिटर पाण्यात मऊ शिजवून घोटले आणि त्यात दोन चहाचे चमचे तेल किंवा तूप घातले, तर शंभर ग्रॅम खिचडीत ८५ च्या आसपास उष्मांक येतात. तीनशे उष्मांकांना साडेतीनशे ग्रॅम पुरतात; म्हणजे दिवसभरात तीन लहान वाट्या. हे बाळाला साधणारे आहे. धान्य तेच, चूल तीच, खर्च जवळजवळ तोच. फरक पाण्याचा आणि दोन चमचे स्नेहाचा. संस्कृतात तेलातुपाला आणि मायेला 'स्नेह' हा एकच शब्द आहे, हे मी वर्गात शिकवीत असे. त्याचा पाकशास्त्रीय अर्थ मला फार उशिरा उमगला.

चमचा वाकडा केला तरी चटकन ओघळणार नाही इतके दाट, ही कसोटी. पण दाट अन्न लहान बाळ गिळेना, तोंडातून बाहेर ढकलते, ही आयांची तक्रार खोटी नसते. या अडचणीवरचा एक उपाय आपल्याच गावात तपासला गेला आहे, हे येथील माजी विद्यार्थ्यांना ठाऊक असावे. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या अन्न व पोषण विभागात डॉ. तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात मोड आणलेल्या धान्याच्या पिठावर काम केले. धान्याला मोड येतात तेव्हा त्यात अमायलेज नावाचे एक विकर तयार होते. ते पिष्टाचे लांब रेणू तोडते. गव्हाला, बाजरीला किंवा नाचणीला मोड आणावेत, वाळवावे, हलके भाजून दळावे, आणि त्यातले चमचाभर पीठ शिजवून किंचित निवालेल्या घट्ट लापशीत मिसळावे. काही मिनिटांत ती लापशी पाणी न घालता सैल होते. पीठ दाट लापशीइतके आणि गिळणे पेजेइतके सोपे, असा दुहेरी लाभ होतो, आणि अशी लापशी लहान मुले अधिक खातात, अधिक उष्मांक घेतात, असे त्या अभ्यासांत आढळले. उकळत्या लापशीत हे पीठ घालू नये, विकर मरते; सैल झाल्यावर मात्र पुन्हा एक उकळी द्यावी, म्हणजे जंतूंची भीती राहत नाही. आपल्या आज्या नाचणीला मोड आणून पीठ करीत, ते याच जातीचे. काही घरांत मात्र नाचणी भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून केवळ पांढरे सत्त्व ठेवतात आणि चोथा टाकतात. दिसायला ते सुंदर, पण टाकलेल्या चोथ्यात बरेच काही गेलेले असते. 'सत्त्व' या शब्दाने तेथे आपली फसवणूक केली आहे.

वाटी केवळ उष्मांकांनी भरत नाही, हेही सांगितले पाहिजे. धान्यात जे प्रथिनघटक कमी असतात ते डाळीत असतात, आणि डाळीत कमी असतात ते धान्यात. म्हणून खिचडी, मेतकूट-भात, भाजणीचे मऊ थालीपीठ, वरणात कुस्करलेली पोळी ही सगळी शास्त्रशुद्ध रचना आहे. त्यात शेवग्याचा किंवा पालकाचा घोटलेला पाला, भोपळा, शेंगदाण्याचे बारीक कूट, ज्यांच्याकडे चालते त्यांनी अंडे किंवा काटे काढलेला मासा, हे सहाव्या-सातव्या महिन्यापासूनच देता येते. शेंगदाणा अख्खा देऊ नये, श्वासनलिकेत अडकतो. चहात बुडवलेले बिस्कीट हा तर आमच्या पिढीचा लाडका अपराध. चहा अन्नातील लोह अंगी लागू देत नाही आणि बिस्किटात मैदा-साखरेपलीकडे फारसे काही नसते. साबुदाण्याच्या खिरीबद्दल माझे मत विचाराल तर उपवास मोठ्यांनी करावा, बाळाला त्यात ओढू नये.

हे सर्व ऐकून कोणी म्हणेल, ज्यांच्याकडे पैसाच नाही त्यांना या उपदेशाचा काय उपयोग? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मी व्हिएतनामकडून घेतो.

१९९० च्या अखेरीस 'सेव्ह द चिल्ड्रन' या संस्थेतर्फे जेरी आणि मोनिक स्टर्निन हे दांपत्य हनोईला पोचले. व्हिएतनाम तेव्हा युद्धातून आणि टंचाईतून नुकताच सावरत होता. सरकारने त्यांना सहा महिन्यांत काहीतरी करून दाखवा असे सांगितले. थान्ह होआ प्रांतातील चार खेड्यांत त्यांनी गावकऱ्यांकरवी तीन वर्षांखालील मुलांची वजने घेतली; जवळजवळ दोनतृतीयांश मुले कमी वजनाची निघाली. मग त्यांनी एक साधा, पण आमच्या बुद्धिवंतांना सहसा न सुचणारा प्रश्न विचारला. अत्यंत गरीब असूनही ज्यांची मुले चांगली वाढली आहेत अशी घरे या गावात आहेत का? होती. त्या घरांत जाऊन पाहिले तेव्हा दिसले की भातखाचरात फुकट मिळणारे चिमुकले खेकडे, कोळंबी आणि रताळ्याचा पाला त्या आया बाळाच्या भातात घालीत होत्या. गावाच्या समजुतीनुसार हे अन्न लहान मुलांना वर्ज्य होते. इतर घरी बाळाला दिवसातून दोनदा भरवीत, येथे तीन-चार वेळा थोडे थोडे. हात धुवून भरवीत. आणि बाळ खात नाही असे दिसले तर त्याच्यापाशी बसून, गोंजारून खाऊ घालीत.

बाहेरून पाकिटे वाटण्याऐवजी स्टर्निन यांनी काय केले, तर कमी वजनाच्या मुलांच्या आयांना शेजारच्याच एखाद्या घरी दोन आठवडे रोज बोलावले. येताना प्रत्येकीने मूठभर कोळंबी-खेकडे आणि पाला आणायचा, हीच प्रवेशाची फी. एकत्र रांधायचे, एकत्र भरवायचे. व्याख्यान नाही. आई घरी परतली तेव्हा कृती तिच्या हातात बसलेली होती आणि बाळाचे वजन वाढलेले तिने काट्यावर पाहिलेले होते. पुढे काही वर्षांनी झालेल्या अभ्यासांत असे आढळले की कार्यक्रम संपल्यानंतर जन्मलेली त्यांची धाकटी मुलेही इतर गावांतल्या मुलांपेक्षा चांगली वाढली. पश्चिम बंगालमध्ये २००१ पासून याच पद्धतीचा कार्यक्रम 'केनो पारबो ना', म्हणजे 'का जमणार नाही', या नावाने चालवला गेला. नाव मला फार आवडले.

मला यातली कोळंबी महत्त्वाची वाटत नाही. ती तेथली आहे. महत्त्वाचे हे की उपाय त्याच गल्लीत, त्याच उत्पन्नाच्या एका घरात आधीच चालू होता. आपल्या वस्तीतही असे घर असते. फतेहगंजात असो वा वाडीत, एकाच चाळीत एकीचे मूल ठणठणीत आणि दुसरीचे रोड, असे दिसते तेव्हा आपण ते दैवावर किंवा रक्तावर टाकतो. पहिलीच्या घरी जाऊन ती दिवसातून किती वेळा आणि काय भरवते, हे पाहायला कोणी जात नाही.

आता वेळेचा प्रश्न. तो मी सर्वांत कठीण मानतो, आणि पुस्तकांत त्याला कमी जागा मिळते. वर्षाच्या मुलाला दिवसातून तीन-चार वेळा जेवण आणि मधे एक-दोनदा खाऊ लागतो. प्रत्येक वेळी अर्धा तास धरला तर दोन-अडीच तास झाले. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी पोळ्या करायला, भांडी घासायला जी ताई येते, ती सकाळी सातला घर सोडते आणि दुपारी दोनला परतते. तिचे वर्षाचे बाळ आठ वर्षांच्या बहिणीपाशी असते. बहिणीने त्याला पाच रुपयांची वेफरची पुडी फोडून दिलेली असते. त्याने ते गप्प राहते आणि त्याची भूक मरते. तशा दोन पुड्यांच्या पैशांत एक अंडे येते, हे गणित त्या ताईला आपल्यापेक्षा चांगले समजते. पण अंडे उकडून, कुस्करून, बसून भरवायला जो हात लागतो, तो हात त्या वेळी आपल्या घरची कणीक मळत असतो. अशा आईला आहाराचे ज्ञान नाही, असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. तिने येताना बाळाला बरोबर आणले तर चालेल असे सांगणे, आपल्या ओट्यावर त्याची वाटी भरू देणे, तिच्या कामाच्या वेळा बाळाच्या जेवणाभोवती बसवणे, हे मालकिणीच्या आणि मालकाच्याही हाती आहे.

अंगणवाडी याच पोकळीसाठी जन्मली. गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरच्या दक्षिणामूर्तीत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला आदिवासी मुलांसाठी अंगणात शाळा मांडली, त्या अंगणाचे नाव पुढे देशभर झाले. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ ठिकाणी सुरू झाली. त्यांतले एक ठिकाण छोटा उदेपूर होते. ते तेव्हा वडोदरा जिल्ह्यातच होते. आज अंगणवाडीतून सहा महिन्यांवरील मुलांसाठी 'बालशक्ती'ची पाकिटे घरी देतात. ती घ्यावीत, वापरावीत. फक्त एवढे पाहावे की पाकीट बाळाच्याच वाटीत जाते आहे. भाजून सगळ्या घराचा नाश्ता झाला तर बाळाच्या वाट्याला दोन चमचे येतात.

म्हणून बाळाची वाटी वेगळी असावी. आईच्या ताटातून दोन घास दिले की त्याने किती खाल्ले हे कळतच नाही. आणि आईच्या ताटाविषयी बोलायचे तर, जी शेवटी जेवते, जिच्या वाट्याला तळाची भाजी येते, तिच्या बाळाचे वजन जन्मतःच कमी असण्याचा संभव मोठा. डोहाळजेवणाला पाच पक्वान्ने करणारे आपण, उरलेले नऊ महिने तिला सर्वांबरोबर पानावर बसवीत नाही. बाळंतपणानंतरचे अळिवाचे लाडू उत्तम, त्यांत लोह आहे. पण लोह गर्भारपणीही लागते, आणि त्यासाठीच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मिळतात.

आजारपणाबद्दल थोडक्यात. जुलाब लागले की अन्न तोडायचे, ही चाल सर्वथा सोडावी. दूध चालू ठेवावे, क्षारसंजीवनीचे पाणी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने जस्ताच्या गोळ्या द्याव्यात, आणि बरे झाल्यावर पुढचे दोन आठवडे रोज एक जेवण जादा द्यावे. भरवण्यापूर्वी साबणाने हात धुतले तर पुष्कळ जुलाब मुळातच टळतात. आणि एक इशारा. सहा महिन्यांवरील मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरहून कमी असेल, दोन्ही पावलांवर सूज असेल, किंवा मूल मलूल होऊन खायचेच थांबले असेल, तर खिचडीचे प्रयोग करीत बसू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे किंवा पोषण पुनर्वसन केंद्रात न्यावे.

हे प्रयत्न मोठ्या प्रमाणावर फळतात का? महाराष्ट्रात २००५ साली औरंगाबाद विभागातून राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झाले आणि पुढे त्याने गर्भारपणापासून दोन वर्षांपर्यंतच्या हजार दिवसांवर भर दिला. राज्यातील दोन वर्षांखालील खुज्या मुलांचे प्रमाण २००५-०६ मध्ये ३९ टक्के होते, ते २०१२ च्या पाहणीत २४ टक्क्यांच्या आसपास आले. सगळे श्रेय एका मिशनला देता येणार नाही, पण घट खरी होती. त्यानंतरची गोष्ट मात्र उत्साह वाढवणारी नाही. पाच वर्षांखालील मुलांतील खुजेपणा राज्यात २००५-०६ ला ४६.३ टक्के, २०१५-१६ ला ३४.४ आणि २०१९-२१ ला ३५.२ टक्के. गाडी चढ चढली आणि घाटात थांबली. गुजरातेत कमी वजनाचे प्रमाणही त्याच शेवटच्या चार-पाच वर्षांत ३९.३ वरून ३९.७ झाले.

माझ्यासमोर बसलेल्यांपैकी अर्धेअधिक आता आजी-आजोबा आहेत. बाळाला काय द्यायचे याचा निकाल अजूनही बहुतेक घरांत आपल्याच तोंडून लागतो. 'आम्ही नाही वाढवली का मुले' हे वाक्य सुनेला गप्प करते. तो अधिकार वापरायचाच असेल तर असा वापरावा. घरात नातवंड असेल, किंवा घरी कामाला येणाऱ्या ताईचे मूल असेल, तर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला त्याला अंगणवाडीच्या काट्यावर न्यावे आणि वजन एका वहीत तारखेसह लिहावे. वर्ष ते दोन वर्षांच्या निरोगी मुलाचे वजन महिन्याला साधारण दोनशे ग्रॅमने वाढते. मागे पडलेले मूल नीट खाऊ लागले तर त्याहून वेगाने. वाटी दाट करावी, चमचाभर तेल घालावे, वेळा वाढवाव्यात, आणि पुढच्या महिन्याला त्याच काट्यावर पुन्हा पाहावे.